तटबंदी आणि राज्यनीती

चीनच्या उत्तर सरहद्दीवरील महान तटाचे नाव निघताच आपल्या मनापुढे जे चित्र उभे राहते ते फार सुबक असते: एका बाजूस नांगरलेली शेते, नगरे, ग्रंथ आणि कायदा; दुसऱ्या बाजूस गवताळ मैदाने, घोडे, तंबू आणि लूटमार; आणि या दोहोंच्या मधोमध एका प्रतापी सम्राटाने एकदाच बांधलेली, डोंगरमाथ्यांवरून समुद्रापर्यंत गेलेली एक अखंड भिंत. या चित्रातील जवळजवळ प्रत्येक रेषा इतिहासाला सोडून आहे. भिंत एक नव्हती, ती एका काळी झाली नाही, आणि ती बांधणारे सगळे शेतकरी संस्कृतीचेच प्रतिनिधी होते असेही नाही. २०१२ साली चिनी शासनाने जी मोजणी जाहीर केली तिच्यात निरनिराळ्या राजवटींचे तट, खंदक आणि तटाचा भाग म्हणून उपयोगात आणलेले नैसर्गिक अडथळे यांची एकूण लांबी २१,१९६ किलोमीटर भरली. त्यात कोठे दाबून घट्ट केलेल्या मातीचे बांध आहेत, कोठे रचलेले धोंडे आहेत, कोठे वाळवंटातील वेत-झुडपांचे आणि वाळूचे थर आहेत, आणि प्रवाशांना जो विटांचा व चिऱ्यांचा देखणा तट दाखवितात तो बहुतांशी अलीकडचा, म्हणजे मिंग राजवटीचा आहे.

या दीर्घ इतिहासाकडे पाहिले असता मला त्यातून एकच सिद्धान्त निघतो असे वाटते. तट जोवर राज्यनीतीचा सेवक होता तोवर तो उपयोगी पडला; परंतु शेजाऱ्याशी कसे वागावे याचा निर्णय करण्याचे अवघड काम टाळून राज्यकर्त्यांनी ज्या ज्या वेळी तटालाच नीतीच्या आसनावर बसविले, त्या त्या वेळी तो कितीही उंच आणि कितीही मजबूत असला तरी त्याने त्यांना वाचविले नाही. तट निरर्थक होता असे मी म्हणत नाही; तसे म्हणणे हा इतिहासाचा दुसरा विपर्यास होईल. प्रश्न तटाच्या बळाचा नसून त्यामागील विचाराचा आहे.

प्रथम मूळ पाहावे. छिन सम्राटाने इ.स.पूर्व २२१ मध्ये सारा चीन एका छत्राखाली आणला, त्यापूर्वी दोन-अडीचशे वर्षे तेथील राज्ये परस्परांशी झुंजत होती, आणि तटबंदीची विद्या याच भाऊबंदकीत वाढली. आजच्या शांतुंग प्रांतातील छी राज्याने ताय पर्वताच्या रांगेवरून समुद्रापर्यंत जो तट नेला तो घोडेस्वार भटक्यांविरुद्ध नव्हता, दक्षिणेकडील शेजारी राज्यांविरुद्ध होता. वेइ राज्याने इ.स.पूर्व चौथ्या शतकात लो नदीच्या बाजूने जो बांधला तो पश्चिमेकडील छिन राज्याला अडविण्यासाठी होता. उत्तरेकडचे तट त्यानंतरचे, आणि त्यांची कथा तर अधिकच बोधप्रद आहे. झाओ राज्याचा राजा वूलिंग याने इ.स.पूर्व ३०७ मध्ये दरबाराचा विरोध मोडून काढून आपल्या फौजेस भटक्यांचा आखूड पोशाख आणि घोड्यावरून बाण मारण्याची रीत लावली, तिच्या बळावर त्याने उत्तरेकडील टोळ्यांचा मुलूख जिंकला, आणि मग त्या जिंकलेल्या मुलखाच्या पलीकडच्या कडेला, यिन पर्वताच्या पायथ्याशी, तट घातला. येन राज्याने पूर्वेकडील हू लोकांना मागे रेटून तेच केले. छिन राज्याने इ.स.पूर्व २७२ च्या सुमारास यीछ्यूंचे राज्य बुडवून तेच केले. म्हणजे हे तट आपली शेते राखण्यासाठी घातलेले कुंपण नव्हते. दुसऱ्याची कुरणे बळकावल्यावर त्या कब्ज्यावर उठविलेली ती मोहोर होती. जे लोक पुढे चढाई करून आले, त्यांच्यापैकी अनेकांची चराऊ जमीन आधी तटाच्या आत गेली होती, ही गोष्ट विसरून सरहद्दीचा न्याय करता येत नाही.

छिन सम्राटाच्या काळी ही प्रवृत्ती पराकोटीला गेली. सेनापती मेंग तियान याला इ.स.पूर्व २१५ मध्ये तीन लाख फौजेनिशी उत्तरेकडील शिओंग्नू टोळ्यांवर पाठविण्यात आले. त्याने पीत नदीच्या वळणातील ऑर्डोसचा मुलूख काबीज केला, जुने तट जोडून नवे बांधले, आणि लिनथाओपासून ल्याओतुंगपर्यंत दहा हजार ली, म्हणजे चार हजार किलोमीटरांच्या आसपास, ही संरक्षणरेषा नेल्याचे इतिहासकार नमूद करतात. पाच वर्षांनी सम्राट वारल्यावर कारस्थान्यांनी मेंग तियानवर मृत्यू लादला. इतिहासकार सिमा छ्येन सांगतो की, मरणाच्या दारी त्या सेनापतीने स्वतःशी विचार केला आणि एवढ्या लांबीच्या खोदकामात आपण पृथ्वीच्या शिरा तोडल्या असाव्यात, तेच आपले पाप, असा निष्कर्ष काढून विष घेतले. सिमा छ्येनने स्वतः त्या सरहद्दीवरून प्रवास केला होता, तेथील दरडी फोडून काढलेले रस्ते आणि तट डोळ्यांनी पाहिले होते, आणि मेंग तियानचा हा निष्कर्ष त्याने ठामपणे नाकारला. पृथ्वीच्या शिरांचा येथे काय संबंध, असा त्याचा अभिप्राय आहे. युद्धांच्या जखमा भरून आल्या नसताना, म्हाताऱ्यांना आणि अनाथांना आधार देण्याची वेळ असताना, नामांकित सेनापती असूनही या माणसाने सम्राटाला अडवून दोन शब्द सांगितले नाहीत, उलट त्याच्या लहरीला शोभेल असे काम उभे केले, हा त्याचा अपराध. दोन हजार वर्षांपूर्वीच्या या निवाड्यात तटाचा सारा प्रश्न त्याच्या योग्य जागी येऊन बसतो. दोष दगडमातीत नव्हता, दैवातही नव्हता. ज्याला बोलण्याचा अधिकार होता त्याच्या मौनात होता.

आणि छिन साम्राज्य बुडाले ते कोणाच्या हातून? तटापलीकडच्या घोडेस्वारांच्या हातून नव्हे. इ.स.पूर्व २०९ मध्ये नऊशे वेठीचे शिपाई उत्तरेकडील यूयांगच्या चौकीवर तैनातीसाठी चालले असता वाटेत पावसाने अडकले. उशीर झाल्यास देहान्ताची शिक्षा ठरलेली होती. तेव्हा छन शंग आणि वू ग्वांग या त्यांच्यातल्याच दोघांनी बंडाचे निशाण उभारले, आणि तीन वर्षांच्या आत ती अजिंक्य भासणारी राजवट नामशेष झाली. सरहद्द राखण्यासाठी ज्यांना ओढून नेले जात होते त्यांनीच राज्य मोडले. नवऱ्याचे प्रेत तटाखाली गाडले गेल्याचे कळून जिच्या आक्रोशाने तट कोसळला त्या मेंग च्यांगची लोककथा चीनमध्ये शतकानुशतके सांगितली गेली, ती उगाच नव्हे. दरबाराच्या दप्तरात तटाची लांबी नोंदली गेली. त्याची किंमत लोकांनी आपल्या कथेत नोंदवून ठेवली.

हान राजवटीचा अनुभव अधिक गुंतागुंतीचा आहे, आणि तटाच्या बाजूने जे काही प्रामाणिकपणे सांगता येईल ते येथेच सांगितले पाहिजे. संस्थापक सम्राट इ.स.पूर्व २०० मध्ये पायतंग येथे मोदू या शिओंग्नू अधिपतीच्या वेढ्यात सात दिवस सापडला, आणि त्यानंतर सुमारे साठ-सत्तर वर्षे हानांनी राजकन्या, रेशीम, धान्य आणि मद्य देऊन शांतता राखली. या काळातील पत्रव्यवहारात तटाच्या उत्तरेचा धनुर्धरांचा मुलूख त्यांच्या अधिपतीचा आणि तटाच्या आतला सम्राटाचा, असे स्पष्ट मान्य केलेले आढळते. म्हणजे तट ही दोघांनी मानलेली सीमा होती, आणि करार टिकला तेवढ्यापुरती ती सीमा दगडांपेक्षा शब्दांवर अधिक उभी होती. पुढे सम्राट वूने हा मार्ग सोडला, ऑर्डोस परत घेतला, पश्चिमेकडे कान्सूची पट्टी जिंकून तुनहुआंगपर्यंत चौक्या व तट नेले. मध्य आशियाच्या वाटेवर जी रसद व जे दूत गेले ते या तटाच्या आश्रयाने गेले. तेथे तटाला निश्चित कार्य होते, कारण त्यामागे, पटो वा न पटो, एक निश्चित नीती होती.

या तटावरचा दिनक्रम कसा होता हे आपल्याला कळते ते एजिन नदीकाठच्या च्यूयेन येथील चौक्यांच्या अवशेषांत १९३० साली सापडलेल्या सुमारे दहा हजार लाकडी पट्ट्यांवरून. शिपायांची हजेरी, त्यांचा दाणागोटा, धनुष्यांची व बाणांची मोजदाद, टपाल कोणत्या चौकीवरून किती वाजता निघाले व पुढे केव्हा पोचले याचा तपशील, शत्रूच्या संख्येप्रमाणे किती मशाली किंवा किती धूर करावयाचे याचे नियम, हे सारे त्यांत आहे. भिंत स्वतः कोणाला अडवीत नाही. खबर, रसद आणि वक्तशीर हिशेब यांची जी साखळी तिच्यामागे असते ती अडविते, हे या पट्ट्या वाचून उमगते. तटालगत वाळूचा एक पट्टा रोज सपाट करून ठेवीत आणि सकाळी त्यावर पावलांचे ठसे उमटले आहेत का ते पाहत. ते ठसे आत येणाऱ्याचे असत, तसेच बाहेर जाणाऱ्याचेही असत.

या शेवटच्या गोष्टीचा उलगडा इ.स.पूर्व ३३ मध्ये एका बुद्धिमान अधिकाऱ्याने दरबारापुढे केला. शिओंग्नूंचा अधिपती हूहान्ये याने हानांचे आधिपत्य मान्य केले होते, आणि आता सरहद्द आपण राखू, तुम्ही तटावरची शिबंदी उठवा व प्रजेला विसावा द्या, अशी त्याने सम्राट युआनला विनंती केली. बहुतेकांना ती पटली. सरहद्दीचा माहितगार होउ यिंग याने मात्र दहा कारणे देऊन विरोध केला, आणि त्यांपैकी कित्येक कारणे तटाच्या आतल्या माणसांविषयी होती: मागील मोहिमांत शत्रूच्या मुलखात राहून गेलेल्या शिपायांची गरीब मुलेबाळे आपल्या आप्तांकडे पळून जातील, सरहद्दीवरचे दासदासी आपल्या दुःखाला कंटाळून, पलीकडे सुख आहे असे ऐकून, निघून जातील, चोर-दरोडेखोर कायद्याचा फास आवळला की उत्तरेकडे निसटतील. सम्राटाने विनंती नाकारली, आणि नम्र उत्तरात असेही कळविले की या चौक्या केवळ बाहेरच्यांसाठी नाहीत, आपल्यातील दुर्जनांनी बाहेर जाऊन उपद्रव करू नये म्हणूनही आहेत. उत्तर शिष्टाचाराचे असेल, पण त्यात अर्धे सत्य होते. ज्या राज्यातून गुलाम, कर्जबाजारी आणि वेठीचा शिपाई पळून जाऊ इच्छितात, त्याला तट दोन्ही दिशांनी राखावा लागतो. ओवेन लॅटिमोर या अभ्यासकाने विसाव्या शतकात हाच मुद्दा पुन्हा मांडला की, चिनी शेतकरी आणि शिपाई गवताळ प्रदेशाच्या जीवनपद्धतीत विरून जाऊ नयेत हाही तटाचा एक हेतू होता.

तट म्हणजे संस्कृतीची रानटीपणाशी असलेली सीमा, या समजुतीचा निरास करायला पुढील शतके पुरेशी आहेत. उत्तर वेइ राजवट स्वतः गवताळ प्रदेशातून आलेल्या थुओपा लोकांची. तिनेच पाचव्या शतकात आपल्या मागे राहिलेल्या रौरान लोकांविरुद्ध तट बांधला. बाराव्या शतकात जुर्चेनांच्या चिन राजवटीने मंगोलांविरुद्ध लांबच लांब खंदक आणि बांध घातले, आणि १२११ मध्ये चंगीझखानाच्या स्वारीत ते ओलांडले गेले. सुई सम्राट यांगने ६०७ साली दहा लाखांवर माणसे वेठीस धरून तट बांधविला. त्यांतील निम्म्याहून अधिक मेली असे सुई घराण्याची बखर सांगते. अकरा वर्षांत राजवट अंतर्गत बंडांत संपली. तिच्यामागून आलेल्या थांग सम्राट थायझोंगने तट बांधण्याऐवजी ली शिची या सेनापतीस सरहद्दीवर नेमले आणि तोच आपला तट असे अभिमानाने म्हटले. माणसांची योग्य निवड आणि शेजाऱ्यांच्या राजकारणाचे ज्ञान यांवर त्याचा भरवसा होता, आणि ६३० साली पूर्वेकडील तुर्कांची सत्ता मोडली ती या दोहोंच्या बळावर.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की सगळ्याच राजांना थायझोंगची कर्तबगारी लाभत नाही, आणि दुबळ्या राज्याने स्वसंरक्षण करायचेच नाही काय? आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर मिंग काळात शोधले पाहिजे. १४४९ साली ओइरात मंगोलांचा पुढारी एसेन याच्याशी घोड्यांच्या किमतीवरून आणि नजराण्याच्या व्यापारावरून बिनसले. तरुण सम्राट खोज्याच्या सल्ल्याने स्वतः मोहिमेवर निघाला, आणि थूमू येथे फौज कापली जाऊन स्वतः कैद झाला. या धक्क्यातून दरबार कधी पुरता सावरला नाही. ऑर्डोसमध्ये मंगोल येऊन राहिले, तेव्हा त्यांना हाकलावे की त्यांच्याशी व्यापार करावा, यावर शे-सव्वाशे वर्षे वाद चालला. मोहिमेला पैसा आणि घोडे नव्हते. व्यापाराला दरबारी अभिमान आडवा येत होता. यू झिचून या अधिकाऱ्याने मोहिमेच्या आणि तटाच्या खर्चाचा ताळेबंद मांडून तट स्वस्त असल्याचे दाखविले, आणि १४७४ साली सुमारे ४० हजार माणसांकरवी काही महिन्यांत १,७७० ली लांबीची रेषा उभी केली. १४८२ मध्ये चढाई करून आलेली एक टोळी परतताना या तटापाशी अडकून मारली गेली, तेव्हा त्याचा हिशेब खोटा नव्हता हे सिद्ध झाले. येथपर्यंत तटाने आपले काम केले.

परंतु तटाने जो वेळ मिळवून दिला तो दरबाराने कशासाठी वापरला? निर्णय लांबविण्यासाठी. गवताळ प्रदेशातील लोकांना धान्य, कापड, चहा आणि लोखंडी भांडी हवी होती. ती त्यांच्या मुलखात होत नव्हती. बाजार उघडला तर ते घोडे देऊन विकत घेत, बंद ठेवला तर लुटून नेत. मंगोलांचा पुढारी अल्तान खान १५४१ पासून पुनःपुन्हा बाजाराची मागणी करीत होता, आणि त्याच्या दूतांना मिंग अधिकाऱ्यांनी ठार मारले. ऑर्डोस जिंकावा असे सुचविणारा सेनापती झंग शियेन आणि त्याला पाठिंबा देणारा प्रधान शिया यान यांना १५४८ मध्ये मृत्युदंड मिळाला. युद्ध सुचविणे जिवावरचे आणि तह सुचविणे अब्रूवरचे झाले, तेव्हा ज्यावर कोणाचेच डोके उडणार नाही असा तिसरा मार्ग उरला, तो म्हणजे आणखी तट. तटाचा एक भाग मजबूत झाला की स्वारी दुसऱ्या भागाकडे वळे. १५५० मध्ये तातुंगच्या सेनापतीने लाच देऊन अल्तान खानाला पूर्वेकडे वळविले, आणि तो कूपेइखौच्या बाजूने शिरून थेट पेकिंगच्या वेशीशी आला. राजधानीच्या भोवतालची गावे दिवसेंदिवस जळत होती, आणि फौज तटबंदीआड बसून होती.

हा पेच सुटला तो १५७१ मध्ये. आदल्या वर्षी अल्तान खानाचा नातू घरच्या भांडणातून रुसून मिंग चौकीत आला. वांग छुंगकू या सरहद्दीवरील अधिकाऱ्याने आणि चांग चूचंग व काओ कुंग या प्रधानांनी ही संधी ओळखली, नातू सन्मानाने परत केला, खानास राजाची पदवी दिली आणि घोड्यांचे बाजार उघडले. जे तीस वर्षांच्या तटबांधणीने साधले नव्हते ते एका सनदेने आणि काही बाजारांनी साधले. त्या पट्ट्यात दीर्घकाळ मोठी स्वारी झाली नाही. मला येथे सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी की, तटाचे सर्वोत्तम बांधकाम याच सुमाराचे आहे. छी चीक्वांग या सेनापतीने पेकिंगच्या उत्तरेस सुमारे १,२०० पोकळ बुरुज उभारले, ज्यांत शिपाई ऊन-पावसात राहू शकत, शस्त्रे व धान्य साठवू शकत. तहाची वर्षे त्याने कवायतीसाठी आणि बांधकामासाठी वापरली. तट आणि तह हे परस्परांचे वैरी नाहीत. तहाशिवायचा तट मात्र आंधळा असतो.

चांग चूचंगच्या मृत्यूनंतर छी चीक्वांगला दूर करण्यात आले, आणि सतराव्या शतकात जुनी वृत्ती पुन्हा बळावली. ईशान्येकडील मांचूंविरुद्ध लढण्यासाठी १६१८ पासून जमिनीवर जादा पट्टी बसविली. १६२९ साली काटकसर म्हणून टपालचौक्या कमी केल्या, आणि त्यात रोजगार गेलेल्या हरकाऱ्यांत ली झिछंग होता. शेन्सीत दुष्काळ पडला, सरहद्दीच्या शिपायांचे पगार थकले, आणि पगार न मिळालेले शिपाई व उपाशी शेतकरी एकत्र आले. १६४४ च्या एप्रिलात याच ली झिछंगने तटाच्या आतून येऊन पेकिंग घेतले आणि शेवटच्या मिंग सम्राटाने गळफास घेतला. महिन्याभरात शानहायक्वानच्या बलदंड दरवाजातून मिंग सेनापती वू सानक्वेइने मांचू फौजेला स्वतः आत घेतले. दरवाजा शाबूत होता, बुरुज शाबूत होते. ज्या राज्यासाठी ते उभे होते ते राज्य उरले नव्हते.

१६९१ मध्ये कूपेइखौच्या सेनापतीने पडझड झालेल्या तटाच्या दुरुस्तीची परवानगी मागितली, तेव्हा छिंग सम्राट खांगशीने ती नाकारताना कळविले की छिनपासून मिंगपर्यंत सगळ्यांनी तट बांधले आणि तरी सरहद्दीचा त्रास संपला नाही. राज्य राखायचे ते सदाचाराने आणि प्रजेला संतुष्ट ठेवून. त्याच वर्षी तोलोन नोर येथे त्याने खाल्खा मंगोल सरदारांचा मेळा भरवून त्यांना आपल्या पदरी घेतले. परंतु खांगशीच्या वचनाला सर्वांगीण सत्य मानण्याचेही कारण नाही. याच राजवटीने मांचूरियात चिनी शेतकऱ्यांनी वस्ती करू नये म्हणून वाळुंजांचे कुंपण घातले, आणि त्याचाच नातू छ्येनलुंग याच्या फौजांनी १७५० च्या दशकात झुंगार लोकांचा जो संहार केला तो कोणत्याही तटापेक्षा भयंकर होता. तट न बांधणारा प्रत्येक राजा शहाणा किंवा दयाळू असतो असे नाही.

म्हणून माझा आग्रह तटाविरुद्ध नाही, तटाच्या नावाखाली होणाऱ्या निर्णयशून्यतेविरुद्ध आहे. तट बांधण्याची तजवीज करताना ज्या राज्याने शेजाऱ्याला काय हवे आहे ते विचारले, कोणत्या अटींवर ते देता येईल हे ठरविले, आणि तटावर राबणाऱ्याच्या घरी दाणा व हातात पगार पोचेल अशी व्यवस्था केली, त्याला तट लाभला. ज्याने हे प्रश्न अप्रिय म्हणून बाजूस सारले आणि त्यांच्या बदल्यात विटा मोजल्या, त्याचा तट त्याच्यानंतरही उभा राहिला आणि ते स्वतः मात्र राहिले नाही. सोळाव्या शतकात वंग वान्ता या अधिकाऱ्याने तातुंग-श्वेनफूच्या सरहद्दीवर मैलोगणती तट बांधला, आणि तो बांधीत असतानाच अल्तान खानाची बाजाराची मागणी विचारात घ्यावी असे दरबाराला लिहून कळविले. दरबाराने त्याचा तट घेतला आणि सल्ला टाकला. पुढील दोन दशकांचे दुःख या एका निवडीतून आले. संरक्षणाची जबाबदारी ज्यांच्यावर असते त्यांच्याकडून आपण याच दुहेरी निष्ठेची अपेक्षा केली पाहिजे: काम चोख करावे, आणि त्या कामाने कोणता प्रश्न सुटणार नाही हे सत्तेला निर्भयपणे सांगावे. आणि सत्तेने ऐकावयाचे आहे ते मुख्यतः हे दुसरे.